फॉर्म 700 वरची सही



बारवी धरणाचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलांना विमान म्हणजे मुंबईकडे जाणारा डोक्यावरचा ठिपका. पण बदलापूरहून काटईकडे निघालं की नेवाळी नाका लागतो. तिथे जवळच दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. उल्हासनगर तर मुळात लष्करी छावणीच. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, 1949 साली नवं नाव मिळालं. रिक्षावाल्याच्या तोंडी मात्र आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच'च असतं.

युद्धाच्या अशा खुणा असलेल्या या भागातही जुन्या हवाई दलाच्या गप्पा निघाल्या की त्या विमानं आणि वैमानिकांभोवतीच रंगतात. 1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना पुरून उरलेलं चिमुकलं नॅट, देखणं हंटर, थेट 2007 पर्यंत सेवेत राहिलेलं कॅनबेरा. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर 1976 मध्ये हवाई दलप्रमुख झाले, ही आठवणही अभिमानाने निघते. विमानाखाली आडवं पडून ज्याने नट आवळले, त्याचं नाव क्वचितच निघतं.

प्रत्येक विमानाची एक वही असते, 'फॉर्म 700'. सांगाडा, इंजिन, रेडिओ, शस्त्रं, ज्याचं त्याने तपासायचं आणि आपल्या कामापुढे सही करायची. मग वैमानिक ती वही वाचतो, स्वतः सही करतो आणि शिडी चढतो. हाताला ग्रीस, वहीच्या कडेला त्याचा ठसा, आणि त्या सहीच्या भरवशावर वर गेलेला एक जीव.

मिग-21 हवाई दलात आलं 1963 मध्ये. पुढे नाशिकजवळच्या ओझरला अशी शेकडो विमानं तयार झाली. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. हवाई दलप्रमुखांनी स्वतः ते उडवलं आणि उतरल्यावर संरक्षणमंत्र्यांच्या हाती दिला तो फॉर्म 700. निरोपाला याहून नेमकी वस्तू सापडली नसती.

अर्थात, डोळे ओले होतात म्हणून हिशेब पुसला जात नाही. याच मिगला 'उडती शवपेटी' म्हणत. शेकडो अपघात आणि त्यांत गेलेले तरुण वैमानिक हा त्याच्याच इतिहासाचा भाग आहे. नेवाळीच्या शेतकऱ्याला तर धावपट्टी पाहून गहिवर येण्याचं कारणच नाही. त्या महायुद्धाच्या काळात घेतलेली आजोबांची जमीन परत मागता मागता जून 2017 मध्ये तिथे आंदोलन पेटलं. स्मरणरंजन करायचं तर ही पानंही वाचावी लागतात.

तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत हवाई दलातून सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले कुणी काका असतील. त्यांना विमानाचा वेग विचारू नका, तो कुठेही छापलेला सापडतो. सही करायला त्यांनी कधी नकार दिला होता का, आणि का, ते विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.