कच्च्या पपईचं काम

आज बोलायचं आहे श्वासाबद्दल आणि काळजाबद्दल, पण सुरुवात स्वयंपाकघरातून करतो.

आमच्या मोमिनपुऱ्यात बकरी ईदच्या दिवसांत घरोघरी कबाब होतात. अम्मी मटणाला कच्ची पपई सालासकट वाटून चोळायची आणि सगळ्यांना बजावायची, घड्याळाकडे लक्ष ठेवा. एका वर्षी पाहुणे आले, गप्पा रंगल्या, आणि ते मटण तसंच पडून राहिलं. नंतर सळईवर चढवायला गेलो तर तुकडा हातात भुगा होऊन आला. अम्मी म्हणाली, “पपई ने अपना काम कर दिया.”

हे काम करतो पपईच्या चिकातला पपेन नावाचा पदार्थ. तो एक एन्झाइम आहे, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात तो. प्रथिनांचे धागे कापणं हा त्याचा धंदा. मी बी.ए.चा माणूस, आयुष्य कवितेत गेलं. त्यामुळे हे सगळं मला भाचीकडून कळलं. ती जीवरसायनशास्त्र शिकली आहे. तिनेच मला सांगितलं, “मामू, ही पपई एकदा उंदरांच्या फुप्फुसात गेली होती.”

गोष्ट खरी आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गला फिलिप ग्रॉस नावाचे संशोधक धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांवर काम करत होते. त्यांनी उंदरांच्या श्वासनलिकेतून पपेन आत सोडलं. थोड्याच काळात फुप्फुसांतल्या पडद्या फाटून हवेच्या बारीक पिशव्यांची मोठी पोकळ भोकं झाली. माणसाला जो एम्फिसिमा होतो, तसंच काहीसं.

ते ऐकताना मला अब्बा दिसले.

अब्बा विणकर. घरातच हातमाग, आणि धोट्याच्या खटखटीबरोबर बिडी. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलातलं तेंदूपान, त्यात चिमूटभर तंबाखू. बिडी फार लवकर विझते, म्हणून ती सारखी ओढत राहावी लागते. पन्नाशीनंतर अब्बांची छाती पिंपासारखी फुगली. ते गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसायचे आणि शीळ घालावी तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडायचे. आम्ही त्याला दमा म्हणायचो. जोशांदा द्यायचो, पाठीला तेल चोळायचो. अब्बा एकच सांगायचे, “अंदर तो जाती है बेटा, बाहर नहीं आती.” मला वाटायचं, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. 1991 साली ते गेले. त्यांचं निदान किती अचूक होतं हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

आपल्या फुप्फुसांत हवेच्या 30 ते 50 कोटी बारीक पिशव्या असतात. त्यांच्या भिंतींत इलॅस्टिन नावाचे रबरासारखे धागे विणलेले असतात. श्वास घेताना ते ताणले जातात, सोडताना आपोआप आखडतात, आणि हवा बाहेर पडते. श्वास सोडायला एरवी जोर लागत नाही तो या धाग्यांमुळे. धागे तुटले की बारीक नळ्यांना बाहेरून धरून ठेवणारं कुणी उरत नाही. श्वास सोडताना त्या मिटतात आणि हवा आत कोंडते. विणकराचा धागा तुटला तर तो गाठ मारून पुढे जातो. पण इलॅस्टिन लहानपणीच विणून होतं आणि जन्मभर तेच पुरवायचं असतं. मोठेपणी फुप्फुस ते धड नव्याने विणू शकत नाही.

आता प्रश्न असा, की अब्बांच्या छातीत पपई कोणी चोळली? उत्तर थोडं विचित्र आहे. ती त्यांच्या स्वतःच्याच शरीराने चोळली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे कात्र्या असतात, म्हणजे अशीच प्रथिनं कापणारी एन्झाइम्स. जंतू मारायचे, मेलेला भाग काढायचा, जखमेची जागा साफ करायची, तर कात्री हवीच. पावसाळ्यात डबक्यातल्या बेडूकमाशाची शेपटी हळूहळू नाहीशी होते ना, तीही अशाच एन्झाइमने. 1962 साली बोस्टनमध्ये ग्रॉस आणि लापिएर या दोघांनी तिथेच कोलॅजन कापणारं एन्झाइम प्रथम पकडलं. (हे जेरोम ग्रॉस, पपईवाले वेगळे.) म्हणजे कात्री वाईट नाही. ती उघडी पडून राहिली तर वाईट.

ती म्यानात ठेवणारा पहारेकरीही शरीरानेच नेमलेला आहे. त्याचं नाव अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. यकृतात तयार होतं, रक्तातून फुप्फुसात पोचतं आणि इलॅस्टिन कापणाऱ्या मुख्य कात्रीला घट्ट मिठी मारून निकामी करतं. 1963 साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना रक्ताचे नमुने तपासताना पाच जणांच्या रक्तात हे प्रथिन जवळजवळ नाहीच असं आढळलं. त्या पाचांपैकी तिघांना एम्फिसिमा होता. एवढ्या लहानशा नोंदीवरून साऱ्या जगाचा या रोगाकडे बघण्याचा डोळा बदलला. जन्मतः पहारेकरी नसणारे लोक फार थोडे. पण बिडी-सिगारेट काय करते पाहा. धूर फुप्फुसात पांढऱ्या पेशींची फौज बोलावतो, म्हणजे कात्र्या वाढवतो. आणि तोच धूर पहारेकऱ्याच्या नेमक्या कामाच्या जागेवर घाव घालून त्याची पकड ढिली करतो. एकाच झुरक्यात दोन्ही. 1997 साली उंदरांवर प्रयोग झाला. भक्षक पेशींमधलं एकच एन्झाइम जन्मापासून नसलेले उंदीर महिनोन्महिने सिगारेटच्या धुरात ठेवले, त्यांना एम्फिसिमा झाला नाही. साध्या उंदरांना झाला.

अम्मीने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण नागपूरच्या कितीतरी घरांत होती तशी आमच्याकडे दगडी कोळशाची सिगडी होती, आणि म्हातारपणी तिलाही जिना चढवेना. धूर कुणाचा आहे हे फुप्फुस विचारत नाही. टीबीमध्ये फुप्फुसात जी पोकळी पडते, तिच्यातही शरीराच्याच या कात्र्यांचा हात असतो. म्हणून औषधांनी जंतू मेले तरी काहींचा दम कायमचा कमी झालेला राहतो.

भाईजानची कथा वेगळी. निदान आम्हाला तसं वाटलं. 2014 मध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. चार महिन्यांपूर्वीची ट्रेडमिल टेस्ट चांगली होती. घरात सगळे एकच म्हणत होते, मग हे आलं कुठून? रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो हे आपण ऐकून असतो. पण त्यावर कोलॅजनचं एक झाकण असतं, हे मला ठाऊक नव्हतं. आतल्या भक्षक पेशी कात्र्या सोडून ते झाकण आतून कुरतडतात. थर लहान असो, वाहिनी अर्ध्याहून जास्त मोकळी असो, झाकण पातळ होऊन फाटलं की आतला माल रक्ताला लागतो आणि मिनिटांत गुठळी होते. ट्रेडमिलवर अडथळा कळतो, झाकणाची जाडी कळत नाही. बिडी-सिगारेट इथेही असतेच, बरोबर मधुमेह आणि रक्तदाब. 2016 सालच्या देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात पहिला नंबर अशा हृदयरोगाचा होता आणि दुसरा सीओपीडीचा, म्हणजे अब्बांच्या रोगाचा. आमच्या घरात दोन्ही येऊन गेले होते.

मी भाचीला विचारलं, मग या कात्र्यांवरच औषध का देत नाहीत? ती म्हणाली, दिलं होतं. 1990 च्या दशकात कॅन्सरसाठी दिलं, रोग हटला नाही, उलट सांधे आखडले. अटॅकनंतर हृदय फुगू नये म्हणूनही दिलं, 2006 मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. या कात्र्या वीसेक प्रकारच्या आहेत, आणि शरीराची रोजची डागडुजी त्यांच्यावरच चालते. सगळ्या एकदम बंद करता येत नाहीत.

आता माझं सांगतो. अब्बांची बिडी मी उचलली होती. मुशायरे, कविसंमेलनं, रात्रीची टपरी. कवीला सबब लागत नाही. आठ वर्षांपूर्वी एका मैफिलीत स्वतःचीच लांब ओळ म्हणताना मध्येच दम तुटला. लोकांना वाटलं, मी मुद्दाम थांबलो. वाहवा मिळाली. दुसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो. तिथला मुलगा नळी तोंडात देऊन ओरडत होता, “फुंका काका, फुंका, अजून, अजून!” माझी फुंकर पहिल्या सेकंदात जेवढी निघायला हवी तेवढी निघत नव्हती. आत जात होती.

डॉक्टरांना विचारलं, गेलेलं परत येईल का? ते म्हणाले, “नाही. पण बिडी सोडलीत तर उरलेलं ज्या वेगाने जातंय, तो वेग कमी होईल.” त्याच दिवशी बंडल फेकलं. माझ्या ओळी आता आखूड असतात. पुढच्या महिन्यात पुन्हा फुंकायला बोलावलंय.