मराठी आणि महाराष्ट्रीय

‘मराठी’ आणि ‘महाराष्ट्रीय’ हे दोन शब्द सुशिक्षितांच्या बोलण्यांतही एकमेकांच्या जागीं सर्रास येतात. वस्तुतः पहिला शब्द भाषा सांगतो, दुसरा भूमि. भाषा माणसाबरोबर प्रवास करते. भूमीच्या सीमा मात्र माणूस घरीं स्वस्थ बसला असतांही सरकतात.

परभणी जिल्ह्यांतील सेलूचें उदाहरण घ्यावें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या अमलाखालीं होतें. त्यानंतर तें स्वतंत्र भारताच्या हैदराबाद राज्यांत राहिलें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आलें आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. १९४० सालीं तेथें जन्मलेल्या मुलानें विशी गांठेपर्यंत गांव न सोडतां चार राजवटी पाहिल्या. निजामी कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. तरी त्या मुलाच्या घरची मराठी पालटली नाहीं.

मग दोन्ही शब्द एक कसे झाले? सेलूपासून जवळच असलेल्या परतूर येथें १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. तेव्हां त्या नांवाचें राज्य नकाशावर नव्हतें. परिषदेच्या नांवांतील ‘महाराष्ट्र’ ही सरकारी सीमा नव्हे, तर भाषेनें जोडलेल्या लोकांची आकांक्षा होती. पुढें राज्य मागितलें गेलें तें भाषेच्या आधारावर. तें मिळाल्यावर भाषेचें आणि भूमीचें नांव एकच वाटूं लागलें.

परंतु दोहोंचीं वर्तुळें एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत. सतराव्या शतकांत व्यंकोजीराजांनीं तंजावरास राज्य स्थापिलें. त्या काळापासून तिकडे स्थायिक झालेल्या घराण्यांतून आजही मराठी बोलली जाते. तीं घराणीं मराठी आहेत, पण तमिळनाडूचीं रहिवासी. उलट मराठवाड्याच्या बाजारपेठांतून घरीं उर्दू किंवा मारवाडी बोलणारीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तीं महाराष्ट्रीय आहेत, पण त्यांची मातृभाषा मराठी नव्हे.

अमेरिकेंतही अशीच जोडी आहे. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द स्पॅनिश भाषेकडे व स्पेनकडे बोट दाखवितो, ‘लॅटिनो’ हा लॅटिन अमेरिकेच्या भूमीकडे. पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा मनुष्य सामान्यतः लॅटिनो ठरतो, हिस्पॅनिक नव्हे. माद्रिदचा मनुष्य हिस्पॅनिक ठरतो, पण लॅटिनो नव्हे. तेथील २००० सालच्या शिरगणतींत दोन्ही नांवें एकाच प्रश्नांत शेजारीं शेजारीं छापलीं गेलीं. भेद मात्र त्यामुळें मिटला नाहीं.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. दोन शब्दांची गल्लत झाली कीं तंजावरचा मराठी भाषिक परका ठरतो आणि ज्याच्या आजोबा-पणजोबांनीं सेलूच्या मोंढ्यांत आयुष्य वेंचलें, तो शेजारी आपल्याच गांवीं पाहुणा होतो. म्हणून मातृभाषा सांगावयाची असेल तेथें ‘मराठी’ म्हणावें, रहिवास सांगावयाचा असेल तेथें ‘महाराष्ट्रीय’. ज्याला दोन्ही लागू पडतात त्याचें यांत कांहींच उणें होत नाहीं; ज्याला एकच लागू पडतें त्याला त्याचें न्याय्य स्थान मिळतें.