रुपयांत नको

परदेश प्रवासात पैसे कसे सांभाळावेत, हा आजचा विषय. पासपोर्ट-व्हिसाचं तुम्हाला ठाऊक आहे. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी सुरू करून घ्यावा लागतो, तेही ठाऊक असेल. म्हणून मी एकच मुद्दा धरून बसणार आहे. पॅरिसच्या दुकानात किंवा बँकॉकच्या एटीएममध्ये कार्ड घातलं की पडद्यावर प्रश्न येतो: तिथल्या चलनात, की भारतीय रुपयांत? उत्तर द्यायचं, तिथल्या चलनात. पॅरिसला युरो, बँकॉकला बाट. रुपयांत नको.

'रुपयांत' म्हटलं की चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेकडून निघून दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीकडे जातं, आणि दर ती लावते. आपण गिरणीत दळण टाकतो तेव्हा दळणावळ किती, हे आधी माहीत असतं. उद्या गिरणीवाला 'फुकट दळून देतो' म्हणाला, तर घरी आल्यावर डब्याचं वजन करालच ना? विमानतळावर पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवर 'कमिशन नाही' अशी पाटी असते, तिथे मजुरी पिठातूनच काढलेली असते. खरेदी आणि विक्रीच्या दरांतलं अंतर बघा, कळेल. कार्डाच्या मशीनवरही हेच. दुकानदार म्हणतो, गिरणीपर्यंत कशाला जाता, इथेच दळून न्या. तुम्ही खूश. आणि घरचा गिरणीवाला, 'बाहेर दळलंत ना' म्हणून वर चाळणावळ मागतो! कारण परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्या कित्येक बँका साधारण एक टक्का शुल्क लावतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये कायदा करून, अशा रूपांतरात मध्यवर्ती बँकेच्या दरावर किती टक्के चढवले ते ग्राहकाला आधी दाखवणं बंधनकारक केलं. तिथल्या लोकांसाठी कायदा करावा लागला, तर आपण फसण्यात नवल नाही.

कुणी म्हणेल, बँक तरी कुठे सोडते? नाहीच सोडत. बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. सोयीसाठी युरो १०० रुपयांना धरा. १०० युरोच्या बिलाला साडेतीन टक्केवाली बँक १०,४१३ रुपये घेईल. मशीनने सात टक्के चढवले, तर १०,७०० तिथेच झाले, वर बँकेचा एक टक्का आणि जीएसटी, म्हणजे १०,८२६. शिवाय बँकेचे टक्के शुल्कपत्रकात छापलेले असतात, कमी टक्क्यांचं कार्ड निघण्यापूर्वी निवडता येतं. मशीनचे टक्के तिथे उभ्या उभ्या कळतात, आणि मागे रांग असते. दुसरा आक्षेप असा, की रुपयांचा आकडा लगेच समजतो. बरोबर आहे, समजतो. पण तेवढं समजण्यासाठी चारशे रुपये मोजायचे? मोबाइलवर गुणाकार करा की! 'मग रोखच नेऊ' म्हणणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या परकीय नोटा, बाकी कार्डावर. थोडी रोकड हवीच. पण ती निघण्यापूर्वी, दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्या. थायलंडमध्ये एटीएम परदेशी कार्डाला दर खेपेस २०० बाटहून जास्त आकारतं, तेव्हा थोडे थोडे काढणंही महागात पडतं.

उरलेल्या नोटांबद्दल सांगायचं होतं: परतल्यावर १८० दिवसांत बँकेला विकायच्या, २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती बदलून... असो, समोर घड्याळ आहे. एवढं ऐका. हॉटेलवाले कधी कधी न विचारताच रुपये लावतात. पावती हातात आली की चलन वाचा. 'आयएनआर' दिसलं, तर तिथेच तो व्यवहार रद्द करायला सांगा आणि बिल पुन्हा तिथल्या चलनात घ्यायला लावा. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार निवड ग्राहकाची असते, तेव्हा संकोच नको. आणि रुपयांत नको.