एकाच वाड्यातले दोन कुलकर्णी

(स्लायगोतल्या आपल्या दिवाळी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फराळाच्या आधी माझं भाषण ठेवायची कल्पना कोणाची, हे मला अजून कळलेलं नाही. पलीकडून चकल्यांचा वास येतोय आणि मी तुम्हाला सांगणार आहे लिनक्सच्या छोट्या डब्यांबद्दल. कोणतं पॅकेज कोणत्या डब्यावर चालतं, हा खरं म्हणजे चार संगणकवाल्यांनी कोपऱ्यात बसून बोलायचा विषय. पण गेल्या जानेवारीत तो आमच्या स्वयंपाकघरातच येऊन बसला, म्हणून सांगतो.

२४ जानेवारी २०२५ चं एओविन वादळ तुम्हा सगळ्यांनाच आठवत असेल. आयर्लंडभर सात लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली. आमच्याकडे ती पाच दिवसांनी आली. दिवे लागले, फ्रिज गुरगुरला, पण टीव्हीमागचा माझा छोटा डबा काही उठला नाही. रास्पबेरी पाय ३. त्याला जोडलेल्या डिस्कवर आईचा आवाज होता. ती दर रविवारी फोनवरून मुलांना गोष्टी सांगायची, त्या मी रेकॉर्ड करून ठेवायचो. त्याच आठवड्यात तिला जाऊन वर्ष होत होतं, आणि धाकटीने आजीची काऊ-चिऊची गोष्ट मागितली होती. वादळात घर वाहून जाण्याची गोष्ट! मुलांना वेळ बरोबर साधता येते.

सौभाग्यवती म्हणाली, "डिस्क काढ आणि लॅपटॉपला लाव." अगदी बरोबर होतं तिचं. पण डिस्क होती लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली. विंडोजला ती वाचता येईना, आणि पडद्यावर आलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का? थोरलीचं बोट माऊसवर होतं. मी असा ओरडलो की शेजारच्या आजीबाई दार वाजवून विचारून गेल्या. दुसरी प्रत नव्हती हो. सगळ्यांना बॅकअपचे सल्ले देणारा मी, आणि माझ्याकडेच दुसरी प्रत नव्हती.

मग मुलीच्या खणातून एक जुना रास्पबेरी पाय झीरो निघाला. मेलेल्या डब्यातलं कार्ड काढून त्यात घातलं, डिस्क जोडली. यंत्र सुरू झालं! पण गाणी वाजवणारा प्रोग्रॅम लावला की एकच उत्तर : 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. बेकायदेशीर सूचना. जसं काही मी गार्डांसमोर सिग्नल तोडला होता.

आता थोडं मागे जाऊ. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी प्रोसेसरला दिलेल्या हुकमांची यादी, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची भाषा वेगळी. आपल्या लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेलची, फोनमध्ये आर्मची, जुन्या राउटरमध्ये मिप्सची. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरचा लिनक्स सोर्स कोड कंपनीला खुला करावा लागला, २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, आणि तेव्हापासून माझ्यासारखी माणसं घरातल्या डब्यांत भलतीसलती पॅकेजं घालायला लागली.

भाषा एक असली तरी भागत नाही. आकडे लिहायचा क्रम वेगळा असू शकतो. आपली इथली मुलं मराठीत कुठे अडखळतात? पंचवीसला. आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग फाइव्ह. त्यामुळे पोरं पंचवीस ऐकून बावन्न लिहून मोकळी होतात. प्रोसेसरांचंही तसंच. काही मोठं टोक आधी ठेवतात, काही लहान. या भांडणाला 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावं मिळाली ती आपल्या डब्लिनच्या जोनाथन स्विफ्टमुळे. १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध होतं ना, त्यावरून डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० मध्ये ती उचलली. लिंकसिसचाच एनएसएलयू२ नावाचा एक डबा होता, २००४ चा. कंपनीचं सॉफ्टवेअर त्यावर मोठ्या टोकाने चाले, आणि डेबियन लिनक्स त्याच डब्यावर, त्याच आर्म चिपवर, लहान टोकाने. म्हणजे डबा तोच, पण एकाची पॅकेजं दुसऱ्याला निरुपयोगी.

माझी अडचण मात्र याहून चावट होती. पुण्यातल्या जुन्या वाड्यात दोन कुलकर्णी राहात असले की काय होतं? पाकिटावर नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि पत्र चुकीच्या घरात. डेबियनमध्ये आर्मसाठी 'आर्मएचएफ' नावाचा एक प्रकार आहे. तो आर्मच्या सातव्या पिढीच्या आणि पुढच्या चिपांसाठी. २०१२ मध्ये पहिला रास्पबेरी पाय आला तो सहाव्या पिढीची चिप घेऊन. अपूर्णांकांची गणितं करायला तिच्यात वेगळी सोय होती, पण सातव्या पिढीचे हुकूम तिला कळत नव्हते. डेबियनचा जुना 'आर्मईएल' तिच्यावर चालायचा, पण ती सोय न वापरता, म्हणजे गणितात मंद. तेव्हा माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी डेबियनची हजारो पॅकेजं सहाव्या पिढीसाठी पुन्हा बांधून काढली. त्याचं नाव रास्पबियन. दोन माणसांनी केवढं काम केलं! फक्त एक झालं, त्यांच्या पॅकेजांवरही प्रकाराचं नाव राहिलं आर्मएचएफच.

झाले दोन कुलकर्णी.

मी काय केलं होतं? नव्या आवृत्तीच्या हौसेपायी तो प्रोग्रॅम सरळ डेबियनच्या भांडारातून घेतला होता. पाय ३ ची चिप नवी, तिला सातव्या पिढीची भाषा येत होती, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. पाय झीरो २०१५ चा असला तरी चिप जुनीच, सहाव्या पिढीची. पत्र तिच्या दारात पडलं आणि तिला वाचता येईना.

हे मला लगेच उमगलं असं समजू नका. रात्री साडेअकराला मी चौसष्ट बिटांचं पॅकेज उतरवलं. यंत्र म्हणालं, आर्किटेक्चर जुळत नाही. मी म्हटलं, तू कोण मला सांगणार? आणि जबरदस्तीचा पर्याय लावून ते आत कोंबलं. पॅकेज अर्धवट बसलं, प्रोग्रॅमने 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणून तोंड फिरवलं, आणि वर 'आधी हा घोळ निस्तरा' म्हणून दुसरं काहीही बसवू देईना. मॅनेजरचं ऐकत नाही ते ठीक, पण पॅकेज मॅनेजरचं ऐकावं माणसाने.

सकाळी चहा घेऊन शांतपणे बसलो. कोंबलेलं पॅकेज काढलं, डेबियनचं भांडार यादीतून उडवलं, रास्पबियनमधली जुनी आवृत्ती बसवली. वीस मिनिटांचं काम.

कोणाला घरी करून बघायचं असेल तर एक सांगतो. 'यूनेम' ही आज्ञा तुम्हाला फक्त कर्नल कोणत्या जातीचा ते सांगते. २०२३ पासून पाय ४ वर बत्तीस बिटांची सिस्टिम घातली तरी कर्नल चौसष्टचा सुरू होतो, आणि यूनेम छातीठोकपणे 'एआर्च६४' म्हणतं. पॅकेजं मात्र आर्मएचएफचीच लागतात. म्हणून 'डीपीकेजी'ला 'प्रिंट आर्किटेक्चर' विचारा. आणि तरीही, वाड्यात कुलकर्णी किती ते बघा, म्हणजे चिप कोणत्या पिढीची आणि पॅकेज कोणाच्या भांडारातलं.

आणखी एक आठवलं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट नावाच्या वस्तीत, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. त्यांत एएमडीची जिओड चिप. ती इंटेलच्या ६८६ जातीची जवळजवळ सगळी भाषा बोलते. एक लांबलचक हुकूम तेवढा तिला येत नाही, आणि गंमत म्हणजे त्या हुकमाचा अर्थ आहे 'काहीही करू नकोस'. २०२३ मध्ये डेबियन १२ ने तोच हुकूम येणं सक्तीचं केलं, आणि जिओड यादीबाहेर गेली. काही न करण्याची नवी पद्धत माहीत नाही म्हणून! आमच्या ऑफिसात ही अट लावली तर कोणीच नापास होणार नाही.

असो. त्या दिवशी संध्याकाळी पाय झीरोतून आधी खरखर आली. मग मागे कुकरची शिट्टी, आणि "थांब गं, गॅस बंद करून येते" असा आईचा आवाज. धाकटी म्हणाली, "बाबा, पुढे घेऊ नका, कुकर पण ऐकायचाय." पूर्ण दोन मिनिटं आम्ही चौघं कुकर ऐकत बसलो. मग चिऊने दार उघडायला नेहमीइतकाच उशीर लावला.

डिस्कच्या आता तीन प्रती आहेत. एक इथे, एक ठाण्याला भावाकडे, आणि एक सौभाग्यवतीने कुठे ठेवलीय ते मला सांगितलेलं नाही.

चला, चकल्या गार होताहेत.