उद्याच्या वस्तूंना आजच्या अटी



आज आपण पाचशे-हजार वर्षांनंतरच्या एका घरात डोकावणार आहोत. तिथं रोजच्या वापराला काय असेल, हौसेमौजेला काय असेल, लेकरं कशाशी खेळत असतील, ते पाहणार आहोत. असा विषय निघाला की उडत्या मोटारी आणि काचेचे मनोरे डोळ्यांसमोर येतात. मी मात्र हे घर लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळला बांधतो आहे. घरणी नदीच्या खोऱ्यातलं, काळ्या रानातलं, सोयाबीन-तुरीवर चालणारं घर. उन्हाळ्यात बोअर आटतो, रात्री-बेरात्री लाईट आली की मोटार चालू करायला कुणीतरी बॅटरी घेऊन रानात जातं, असं घर. या घराला पुढं काय लागणार, हे इथल्याच माणसांनी ठरवलं पाहिजे आणि मोठ्यानं सांगितलं पाहिजे. आपण सांगितलं नाही, तर दुसरं कुणीतरी त्याच्या गरजेनं वस्तू घडवील आणि बाजारात येईल ती आपल्याला घ्यावी लागेल. एवढी एकच गोष्ट मला आज सांगायची आहे.

सुरुवात चैनीपासून करू. चैनीच्या खेळण्याचं एक अस्सल उदाहरण आपल्या मराठी माणसांच्याच घरात सापडतं. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले, तिथं त्यांनी राज्य केलं आणि १८७४ साली जयविलास राजवाडा बांधला. त्या राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक मेजावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी धावत असे. डब्यांमध्ये मद्याच्या काचेच्या सुरया असत, सिगार असत. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची आणि परत ठेवली की चालू लागायची. तेव्हाची ही राजेशाही गंमत. आता विचार करा, वस्तू उचलल्याचं ओळखणारं आणि त्याप्रमाणे चालणारं किंवा थांबणारं यंत्र आज किती ठिकाणी आहे. शहरातल्या काही हॉटेलांत टेबलापर्यंत ताट घेऊन येणारा रोबो त्याच वंशातला आहे.

मोबाईलचंही तसंच झालं. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला. त्या काळी बोलायला कधीकधी मिनिटाला १६ रुपयांच्या वरही मोजावे लागत आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. पुढं तीस वर्षांच्या आत तोच फोन मेंढ्या वळणाऱ्याच्या खिशात आला. राजाच्या घरातली वस्तू रयतेच्या घरात येते, हे खरं आहे. पण ती येताना बदलून येते का, आपल्या कामाची होऊन येते का, हा प्रश्न उरतोच.

माणूस अशी यंत्रं किती जुन्या काळापासून मनात रचतो आहे, तेही पाहू. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावातल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. या ग्रंथात त्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. चाकाचे आरे पोकळ असतील, त्यांत अर्ध्यापर्यंत पारा भरलेला असेल, आणि पाऱ्याच्या वजनानं चाक स्वतःच फिरत राहील, अशी ती कल्पना. बैल नाही, पाणी नाही, माणूस नाही, तरी चाक चालतंय! हे चाक कधीच चालणार नव्हतं. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम एकोणिसाव्या शतकात पक्का झाला आणि त्यानं असल्या सगळ्या चाकांचा निकाल लावला. पण या स्वप्नानं पुढच्या अनेक शतकांतल्या कारागिरांना विचार करायला लावलं. म्हणून आपणही मोकळेपणानं कल्पना करू, आणि प्रत्येक कल्पना निसर्गाच्या नियमांवर घासून पाहू.

चला तर मग आपल्या त्या घरात. अंगणात लेकराचा वाढदिवस आहे आणि त्यासाठी बापानं एक चैनीचं खेळणं आणलं आहे. ते म्हणजे पाळीव ढग. कुत्र्यासारखा मागं मागं येणारा, पोरांच्या डोक्यावर सावली धरणारा, हाक मारली की खाली उतरणारा पांढराशुभ्र ढग. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. नेदरलँड्सचा कलावंत बर्न्डनाउट स्मिल्डे २०१० पासून बंद खोल्यांमध्ये खरोखरीचे ढग तयार करतो. खोलीतली हवा दमट करायची, बारीक तुषार आणि थोडा धूर सोडायचा, की काही सेकंद एक ढग तरंगत राहतो आणि विरून जातो. तो टिकवून धरायचं आणि चालवायचं यंत्र हजार वर्षांत सापडेलही.

आता हा ढग नियमांवर घासून पाहू. साध्या पांढऱ्या ढगाच्या एका घनमीटरमध्ये पाणी असतं साधारण अर्धा ग्रॅम. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली भरून ढग घेतला, तर त्यातून पिळून निघणारं पाणी चौदा-पंधरा ग्रॅम. म्हणजे तीन चमचे. तुळशीलाही पुरायचं नाही.

पण याच खोलीत दुसरी एक गोष्ट आहे. एप्रिल महिना आहे, पारा अडतीस अंशांवर आहे, हवा कोरडी ठणठणीत आहे, आर्द्रता अवघी वीस टक्के. तरीही त्या हवेत न दिसणारी वाफ आहे, आणि हिशेब केला तर ती भरते अडीचशे ग्रॅमच्या आसपास. दिसणाऱ्या ढगात तीन चमचे, आणि न दिसणाऱ्या वाफेत पाव लिटर! हवेतून पाणी काढणारं भांडं ही म्हणूनच खरी मागायची वस्तू आहे.

त्याचं बीज आज रुजलेलं आहे. २०२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळालं. याघी जॉर्डनमधल्या अम्मान शहरात निर्वासित कुटुंबात वाढले, पाण्याची टंचाई त्यांनी लहानपणी पाहिलेली आहे. या तिघांच्या संशोधनातून धातूचे अणू आणि कार्बनी रेणू जोडून केलेले पदार्थ पुढं आले. हे पदार्थ आतून इतके पोकळ असतात की चिमूटभर भुकटीच्या आतला पृष्ठभाग एखाद्या मैदानाएवढा भरतो. रात्री त्या पोकळ्यांत हवेतली वाफ शिरून बसते, आणि दिवसा उन्हानं तापलं की पाणी होऊन बाहेर येते. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असं एक यंत्र दाखवलं. त्यांचा हिशेब असा की हवेत वीस टक्के आर्द्रता असली, तरी एक किलो भुकटी दिवसाला २.८ लिटर पाणी देऊ शकते, आणि तेही विजेशिवाय.

हा आकडा आपल्या जिल्ह्याच्या मापानं मोजा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. हंडे घेऊन रांगेत थांबलेल्या बायका त्या उन्हाळ्यात साऱ्या देशानं पाहिल्या. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोजचं ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका माणसाला वीस किलो भुकटी लागेल, पाच जणांच्या घराला क्विंटलभर. आज हे परवडणारं नाही. पण शंभर किलो वजनाचं भांडं छपरावर ठेवणं ही काही अशक्य गोष्ट नव्हे. भास्कराचार्यांच्या चाकाला निसर्गाचा नियम आडवा आला होता. या भांड्याला तसा कोणताच नियम आडवा येत नाही. किंमत आडवी येते, आणि किंमत माणसांना कमी करता येते.

आता दुसरी खोली, पण तिच्यात शिरण्याआधी एक जुनी पहाट आठवू. तारीख ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि हजारो माणसं घरांखाली गेली. साहजिकच आपण मागू की आधी सांगणारं यंत्र द्या. २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा देण्याची सोय झालेलीही आहे. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास जाते. खरी पाडापाडी करणारी दुसरी लहर साडेतीन किलोमीटरच्या. जागेवरच्या यंत्राला या दोहोंमधला वेळ एवढाच इशाऱ्याचा वेळ मिळतो; केंद्राजवळच्या फोनांनी आधी कळवलं, तर दूरच्या गावाला आणखी थोडे सेकंद. किल्लारीत तो जेमतेम एक-दोन सेकंद. सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शिरूर अनंतपाळात चार-पाच सेकंद. हजार वर्षांनंतरचं यंत्रसुद्धा खडकातल्या लहरींचा वेग बदलू शकणार नाही. एवढ्या थोड्या सेकंदांत पाळण्यातलं लेकरू उचलून उंबरठा ओलांडता येईल का?

म्हणून इथं मागायची वस्तू म्हणजे भिंत. १९९३ मध्ये माणसं मेली ती दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरची माळवदं अंगावर आल्यामुळं. भूकंपानंतर भिंतीत आरपार दगड घालायला आणि सिमेंटचा आडवा पट्टा बांधायला इथले गवंडी शिकले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दुखलं-खुपलं सांगणारी भिंत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणू मिसळले. तडा गेला, त्यात पाणी शिरलं, की हे जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून तडा बुजवतात. उद्याच्या घराची भिंत हलकी असेल, तडा ओळखेल, स्वतः भरून काढील, आणि पडलीच तर माणूस दाबला जाणार नाही अशी पडेल. किल्लारीच्या मुलखानं जगाकडं ही भिंत मागितली पाहिजे. एवढी किंमत मोजून हा हक्क फार थोड्यांना मिळालेला आहे.

तिसरी वस्तू कानात घालायची आहे. कर्नाटकची हद्द आपल्याला जवळ. बाजारात मराठीबरोबर कानडी ऐकू येते, दखनी ऐकू येते, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी बोलतात. एकानं गोरमाटीत बोलावं आणि दुसऱ्याला ते मराठीत ऐकू यावं, अशी कानातली कुडी मी कल्पितो आहे. भारत सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा उपक्रम त्याच वाटेवरचा. पण यंत्राला भाषा शिकवायची तर त्या भाषेतलं बोलणं आणि लिहिणं भरपूर साठवलेलं लागतं. तांड्यावरच्या आजीची गाणी, तिच्या औषधांची नावं, तिच्या शिव्या आणि तिचे आशीर्वाद आज ध्वनिमुद्रित झाले नाहीत, तर हजार वर्षांनंतरची कुडी जगातल्या मोठ्या भाषा बोलेल आणि त्या आजीपुढं मुकी राहील. ही वस्तू घडवायला आजच बसावं लागतं, आणि त्याला साधा फोन पुरतो.

श्रोतेहो, वस्तू मागायची कशी, याचा एक उत्तम नमुना आपल्याकडं आहे. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. कशासाठी? त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या चरख्यासाठी. त्याच्या अटी वाचल्या की मी थक्क होतो. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालणारं हवं. बाईला ते फारसं न दमता आठ तास चालवता आलं पाहिजे. आठ तासांत १६ हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण त्या अटी लिहिताना चालवणाऱ्या बाईचे दमणारे हात डोळ्यांपुढं होते, तिची कमाई होती, दुरुस्तीचा भार होता. पुढं एकांबरनाथ यांनी केलेला अंबर चरखा देशभर गेला, तोही याच ध्यासातून.

आपल्याच तालुक्यात हिसामाबाद उजेड इथं प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबांची जत्रा भरते. पाळणे येतात, खेळण्यांची दुकानं लागतात. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या जत्रेत एक दुकान असं लावा, जिथं काहीच विकलं जात नाही. तिथं मुलांनी अजून न घडलेल्या वस्तूंच्या जाहिराती लावाव्यात, आणि प्रत्येक जाहिरातीखाली अटी लिहाव्यात.

सुरुवात म्हणून हवेतून पाणी काढणाऱ्या भांड्याच्या अटी मी सांगतो. भांडं एप्रिलच्या कोरड्या हवेत चाललं पाहिजे, नुसत्या दमट किनाऱ्यावर चालून भागणार नाही. लाईट नसली तरी चाललं पाहिजे. त्याची झाकणं-नळ्या घरातल्या म्हातारीला उघडून धुता आल्या पाहिजेत. बिघडलं तर ते तालुक्याच्या गावात दुरुस्त झालं पाहिजे. किंमत सोयाबीनच्या एका हंगामातून भागली पाहिजे. ते आलं, तर तालुक्यातल्या कुणाही लेकीबाळीला डोक्यावर हंडा घेऊन चालावं लागता कामा नये. बाकीच्या अटी मुलांनी लिहाव्यात. त्यांतल्याच एखाद्या मुलीला पुढं प्रयोगशाळेत बसून त्या पुऱ्या करायच्या आहेत.