दिवाळींत मुलांना काय द्यावें?

दिवाळी सरून कार्तिकी एकादशी उजाडते, तोंच पुण्यांतील पुष्कळ घरांत अडगळीचें एक नवें टोपलें भरलेलें असतें. चाक निखळलेली मोटार, आवाज बंद पडलेला पोपट, आणि तळाशीं आत्यानें आठवणीनें आणलेलें, पण अद्याप न उघडलेलें खोकें. देणाऱ्यांचें प्रेम खरें असतें. परंतु घर दोन-तीन खोल्यांचें, आणि मुलाचें लक्ष त्याहूनहि तोकडें. एकाच दिवशीं दहा वस्तू हातीं आल्या म्हणजे तें एकीपाशींहि रमत नाहीं.

या बाबतींत पुणेकरांना दूर शोध करावयास नको. पूर्वीं वाड्याच्या अंगणांत आणि आतां इमारतीच्या आवारांत मुलें दिवाळीचा जो किल्ला करतात, त्याच्या तोडीची भेट दुकानांत मिळावयाची नाहीं. दगडविटा रचाव्या, जुनें पोतें चिखलांत भिजवून त्यांवर पसरावें, अळीव किंवा मोहरी पेरावी, आणि चार-पांच दिवसांत डोंगरउतारावर हिरवें रान उगवलेलें पाहावें. कसब्यांतील कुंभारवाड्यांत मातीचे मावळे मिळतात. ते कापसांत गुंडाळून ठेवले म्हणजे वर्षानुवर्षें पुरतात. सण संपला कीं माती कुंड्यांत जाते, विटा भिंतीकडेला जातात, आणि घरांत उरते ती मावळ्यांची एक लहानशी पेटी. तयार किल्ला विकत आणण्याची जी टूम निघाली आहे, तिनें मात्र मुलाच्या हातचें नेमकें कामच काढून घेतलें. चिखल नको म्हणणाऱ्या आयांनीं या आठ दिवसांपुरती तरी डोळेझांक करावी!

याच किल्ल्याला जोड द्यावयाची तर वडिलांनीं आपली एक सुटी द्यावी. मुलाला सिंहगडावर न्यावें. एकामागून एक लागणारे पुणें दरवाज्याचे तीन दरवाजे त्याला मोजूं द्यावे, आणि १६७० सालीं तानाजी मालुसरे मावळ्यांसह ज्या बाजूनें चढले ती कड्याची बाजू दाखवावी. गडाला एकच दरवाजा कां पुरत नाहीं, हें मग वेगळें सांगावें लागत नाहीं. घरीं आल्यावर अंगणांतल्या किल्ल्याची मोडतोड आपोआप सुरू होते.

वस्तूच द्यावयाची असल्यास ती टिकणारी असावी. तुळशीबागेंतील पितळी भातुकली एका पिढीहून दुसरीकडे जाते; आजीची भातुकली चिंचेनें घांसून नातीला दिली, तर पैसाहि खर्च होत नाहीं. ती नातवालाहि द्यावी, त्याला चूल वर्ज्य असण्याचें कारण नाहीं.

वाचनाची भेट जागा फार थोडी अडविते. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांसाठीं ‘आनंद’ मासिक काढलें. १९७१ सालीं बालभारतीचें ‘किशोर’ आलें. मासिकाची वर्गणी भरली म्हणजे एकच भेट वर्षांत बारा वेळां दारीं येते, आणि तीहि मुलाच्या नांवानें! वाचनालयाची वर्गणी याहून सोयीची. पुणें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. इतकी जुनी परंपरा असलेल्या शहरांत मूल शंभर पुस्तकें वाचील आणि कपाटांत एकहि वाढणार नाहीं. शास्त्राची आवड असलेल्या मुलाला तर खोकेंहि लागत नाहीं. पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रांत अनेक वर्षें काम केलेले अरविंद गुप्ता यांनीं आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्रिकोण, चौकोन आणि घन बांधून दाखविले.

अवघड भाग पुढेंच आहे, तो म्हणजे नातलगांना हें सांगणें. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीं सांगून रुसवे होतात. नवरात्रांतच बोलून ठेवावें. मामा, काका आणि आत्या यांनीं मिळून एक सायकल घेतली, तर कोणाचेंहि प्रेम उणें ठरत नाहीं.

जुनीं खेळणीं मूल शाळेंत गेलेलें पाहून गुपचूप काढून टाकण्याची जी पद्धत आहे, ती तेवढी सोडावी. संध्याकाळीं रिकामा कोपरा पाहून मूल जें रडतें, तें खेळण्यासाठीं नसतें. आपल्या वस्तूवर आपली सत्ता नाहीं, हें त्याला त्या दिवशीं कळलेलें असतें. निवड त्यालाच करूं द्यावी, आणि दुसऱ्याला द्यावयाचें तें धड असावें. कान तुटलेला एखादा कापडी ससा त्यानें ढिगांतून परत उचलला, तर तो राहूं द्यावा.