फेसलेली मोहरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मोहरी म्हटली की आपले लक्ष फोडणीच्या पळीपलीकडे जात नाही. मी आज बोलणार आहे ती फेसलेल्या मोहरीविषयी. तिच्यापायी एकदा भर पंगतीत माझी शोभा झाली आहे!

आनंदनगरात येण्यापूर्वीची ही गोष्ट. सासूबाईंनी काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसायला सांगितली. लवकर फेसावी म्हणून मी कुटलेल्या मोहरीवर चांगले कढत पाणी ओतले. हात दुखेपर्यंत घोटली, पण ती काही नाकात जाईना. उरला तो नुसता कडवटपणा. सासूबाई रागावल्या नाहीत. "सूनबाई, पाणी गार हवं," एवढेच म्हणाल्या.

कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. अखंड दाण्यात झणका नसतोच. दाणा कुटून भिजवला म्हणजे त्यातली दोन द्रव्ये एकत्र येऊन तो उत्पन्न होतो, आणि त्यांतले एक द्रव्य उष्णता सोसत नाही. म्हणून तर फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण डोळ्यांतून पाणी काढीत नाही.

आपल्या सिंधी शेजारणींना हे पक्के ठाऊक आहे. फाळणीनंतर ही कुटुंबे कल्याण कँपात आली; १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. त्यांच्या पाण्याच्या लोणच्यात तेलाचे नाव नाही. गाजर, सलगम, कांदा यांच्या फोडी, कुटलेली मोहरी, हळद, लसूण, मीठ आणि उकळून पूर्ण गार केलेले पाणी. बरणी तीन-चार दिवस उन्हात ठेवली की पाणी आंबते. ते पाणी वाटीने पिण्यात जी गंमत आहे ती फोडींतही नाही! सलगम आणि मोहरी एकाच कुळातल्या, कोबी-मुळाही त्यातलाच. तेव्हा हे लोणचे म्हणजे घरातल्या घरात सोयरीकच.

फेसायला मला पिवळी मोहरी आवडते. काळे टरफल नसल्यामुळे दह्यात रंग स्वच्छ राहतो. शिवाय आणखी एक सोय आहे. माळावर काटेरी पिवळा धोत्रा उगवतो ना, त्याचे बी मोहरीएवढेच, पण काळपट आणि खरबरीत, मोहरी गुळगुळीत. ते बी विषारी. १९९८ साली दिल्लीत त्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने अंगावर सूज येऊन साठाच्या आसपास माणसे दगावली. पिवळ्या मोहरीत हा दाणा लगेच डोळ्यांत भरतो. काळ्या मोहरीत मात्र लपून बसतो. ती मी अजून खिडकीशी बसून, पांढऱ्या ताटात पसरून निवडते. घरातली मुले हसतात, हसोत बापडी.